पेशीतल्या धाग्यांचे जिवंत दर्शन

१९४५ सालच्या ऑगस्ट महिन्यात जपानने शरणागती पत्करली. टोकियोच्या दक्षिणेला मिसाकी नावाचे बंदर आहे, आणि तिथे टोकियो विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्राचे जुने केंद्र आहे. युद्धाच्या अखेरच्या काळात आरमाराने ते ताब्यात घेऊन तिथे छोट्या पाणबुड्यांचा तळ केला होता. आता अमेरिकन सैन्य येणार आणि पाणबुड्यांबरोबर प्रयोगशाळेचाही चुराडा करणार, अशी धास्ती होती. केंद्रातले एक प्राध्यापक कात्सुमा दान यांनी ब्रश हाती घेतला, कागदावर ठळक अक्षरांत इंग्रजीतून एक निवेदन लिहिले आणि ते दारावर डकवले. त्याचा आशय असा : हे साठ वर्षांहून जुने संशोधन केंद्र आहे. तुमच्यापैकी कोणी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडचा असेल तर त्याला वुड्स होल ठाऊक असेल, पश्चिमेकडचा असेल तर पॅसिफिक ग्रोव्ह. हे तसलेच ठिकाण समजा. शस्त्रे खुशाल मोडा, पण विद्यार्थ्यांची उपकरणे तेवढी राहू द्या, आणि तुमचे काम संपले की आम्हांला परत येऊ द्या. खाली सही नव्हती. सगळ्यांत शेवटी बाहेर पडणारा, एवढीच स्वतःची ओळख त्यांनी दिली होती.

दान यांचे शिक्षण अमेरिकेत झाले होते. त्यांची पत्नी जीन क्लार्क अमेरिकन, तीही प्राणिशास्त्रज्ञ, आणि युद्धाची सारी वर्षे तिने जपानातच काढली होती. शत्रूच्या भाषेत लिहिणे निराळे आणि शत्रूच्या सैनिकाला त्याच्या गावाकडची आठवण होईल असे लिहिणे निराळे. दोन भाषांच्या उंबरठ्यावर आयुष्य काढणाऱ्या आपल्या वाचकांना यातला फरक उलगडून सांगायला नको. वर्ष संपता संपता केंद्र विद्यापीठाला परत मिळाले. तो कागद मात्र एका अमेरिकन अधिकाऱ्याबरोबर वुड्स होलला पोहोचला आणि तिथल्या सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेत जपून ठेवला गेला.

ही हकीकत आरंभी सांगण्याचे कारण असे की, या दान मास्तरांच्या एका शिष्याने पुढे पेशीशास्त्रातला एक जुना, जवळजवळ किळस येईपर्यंत चघळलेला वाद मिटवला. वाद होता पेशीच्या आत दिसणाऱ्या धाग्यांचा. हे धागे खरोखर असतात, की पाहणाराच ते निर्माण करतो?

वाद समजण्यासाठी थोडे मागे जायला हवे. १८८२ साली जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर फ्लेमिंग यांनी पेशीविभाजनावरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. सॅलॅमँडर नावाच्या सरड्यासारख्या दिसणाऱ्या उभयचराच्या पिल्लांच्या पेशी त्यांनी रसायनांत मारल्या, रंगवल्या आणि पाहिल्या. एकाच्या दोन होऊ घातलेल्या पेशीत मध्यभागी गुणसूत्रे आणि दोन्ही टोकांपासून त्यांच्याकडे आलेले बारीक बारीक तंतू अशी आकृती त्यांनी काढली. आकृती दोन्हीकडे निमुळती, सूत कातायच्या चातीसारखी. म्हणून आपल्या परिभाषेत तिला तर्कू म्हणतात. पाठ्यपुस्तकांत आजही थोड्याफार फरकाने हेच चित्र असते आणि दहावीची मुले ते परीक्षेत निमूटपणे काढतात. परंतु त्या काळी जिवंत पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तर ज्या जागी तर्कू असायला हवा तिथे नितळ, पारदर्शक पोकळीशिवाय काही दिसत नसे. धागे दिसायचे ते पेशी मारल्यानंतरच.

१८९९ साली इंग्लंडच्या विल्यम बेट हार्डी यांनी यावर बोट ठेवले. अंड्याचा पांढरा बलक, जिलेटिन असल्या द्रवांत कसलीही पेशी नसते. तरी पेशी मारण्यासाठी जी रसायने वापरतात तीच यांच्यात घातली की जाळी आणि तंतू तयार होतात, असे त्यांनी दाखवून दिले. दूध नासले की त्यात चोथा दिसतो, म्हणून कोणी दुधात मुळातच चोथा होता असे म्हणत नाही. तेव्हा मेलेल्या पेशीतले तंतू ही जिवंतपणीची वस्तू, की मरणाने आलेला चोथा? प्रश्न रास्त होता आणि त्याला उत्तर देण्याचे साधन कोणाजवळही नव्हते. पुढची पन्नास वर्षे शास्त्रज्ञांत दोन तट राहिले. पेशीला आतून आधार देणारा काही सांगाडा असला पाहिजे, असे रशियाच्या निकोलाय कोल्त्सोव्ह यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सुचवले. १९३१ साली फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल विंत्रबेर यांनी त्याला ‘पेशी-सांगाडा’ अशा अर्थाचे नावही देऊन टाकले. मूल दिसण्याआधी बारसे व्हावे तसा हा प्रकार.

आता दान यांच्या त्या शिष्याकडे येऊ. शिन्या इनोऊए यांचा जन्म १९२१चा, लंडनमधला. वडील जपानच्या परराष्ट्र खात्यात, त्यामुळे बालपण देशोदेशी गेले. इनोऊए यांना दान यांनी एका जर्मन शास्त्रज्ञाच्या कामाकडे वळवले. गीसेनचे डब्ल्यू. जे. श्मिट यांनी १९३०च्या दशकात ध्रुवित प्रकाशात समुद्रसाळूची अंडी पाहिली होती आणि तर्कूच्या जागी पुसटशी चमक नोंदवली होती. ध्रुवित प्रकाशाची गंमत अशी : पोलरॉइडच्या दोन काचा एकमेकींवर आडव्या-उभ्या ठेवल्या तर प्रकाश पार अडतो, पण त्या दोहोंमध्ये ज्याचे रेणू एका दिशेने ओळीत लागलेले आहेत असा पदार्थ आला, तर अंधारात तेवढाच पदार्थ उजळतो. धागे खरे असतील तर ते उजळलेच पाहिजेत, आणि तेही पेशीला न मारता, न रंगवता. अडचण एवढीच की ती चमक फारच मंद. बाजारात मिळणारी उपकरणे तिथे कुचकामी ठरत.

पराभूत, भुकेल्या जपानात नवे उपकरण कोण देणार? इनोऊए यांनी टाकाऊ सामानातून सूक्ष्मदर्शक उभा केला. बैठक होती निकामी झालेल्या मशीनगनची, आणि दिव्याला घर म्हणून चहाचा पत्र्याचा डबा. मशीनगनच कशाला, तर हलू नये म्हणून. तोफखान्यात बनलेली वस्तू जड आणि भक्कम असते. हा तपशील मला सगळ्या कथेतला सर्वांत आवडता वाटतो. १९४८ साली ते अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात गेले आणि त्यांनी आपले यंत्र सुधारून घेतले. भिंगांतला बारीकसा ताणही प्रकाश बिघडवतो, म्हणून भिंगे निवडून निवडून घ्यायची, असा त्यांचा खाक्या होता. १९५३ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. लिलीच्या परागकणांना जन्म देणाऱ्या पेशींत आणि समुद्रातल्या एका किड्याच्या अंड्यांत तर्कूचे तंतू स्वच्छ दिसत होते, आणि पेशी जिवंत होती. पाहता पाहता ती दुभंगतही होती. फ्लेमिंग यांचे चित्र खरे ठरले.

परंतु इनोऊए यांच्या कामातला खरा धक्का निराळाच आहे. अंडे थंड केले की तंतू विरघळून नाहीसे होत. पुन्हा ऊब दिली की काही मिनिटांत परत उभे राहत. कोल्चिसीन नावाचे औषध घातले तरी ते विरत. हाडांचा सांगाडा असा वागत नाही. हा सांगाडा म्हणजे उत्सवाचा मांडव. वासे तेच, आज या चौकात उभे केले, उद्या सोडवले आणि पुढच्या गल्लीत नेले. तंतू सुट्या घटकांपासून सतत जुळतात आणि सतत सुटतात, असे इनोऊए म्हणाले. त्या सुट्या घटकाला तेव्हा नावसुद्धा नव्हते.

ते नाव मिळण्यात ज्या कोल्चिसीनचा वाटा आहे, ते आपल्या परिचयाच्या एका वेलीत भरपूर असते. पावसाळ्यात कुंपणावर चढणारी, ज्वाळेसारख्या लाल-पिवळ्या फुलांची कळलावी आपण सर्वांनी पाहिलेली आहे. कानडी शेजारी तिला अग्निशिखे म्हणतात. प्रसूतीच्या कळा आणते म्हणून कळलावी, असे जुने लोक सांगत, आणि विषारी म्हणून मुलांना तिच्या जवळ फिरकू देत नसत. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसीन असते. युरोपात ते कोल्चिकम नावाच्या कंदवर्गीय फुलझाडातून काढत आणि गाउट, म्हणजे सांध्यांच्या वातरक्तावर देत, आजही देतात. १९६७ साली शिकागोमध्ये गॅरी बोरिसी आणि एडविन टेलर यांनी किरणोत्सर्गी केलेले कोल्चिसीन पेशीत कशाला जाऊन चिकटते ते शोधले. एक विशिष्ट प्रथिन हाती लागले, आणि मेंदूत ते विपुल निघाले. पुढच्याच वर्षी जपानचे हिदेओ मोहरी यांनी त्याला ट्युब्युलिन हे नाव दिले. दरम्यान, १९६३ साली पेशी मारण्याचे एक नवे, सौम्य रसायन वापरात आले होते आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तंतूंच्या जागी पोकळ नळ्या दिसल्या होत्या. जाडी २५ नॅनोमीटर. आपल्या केसाच्या जाडीत अशा तीनेक हजार नळ्या शेजारी शेजारी बसतील. त्यांचे नाव सूक्ष्मनलिका. सांगाड्याचे दुसरे मोठे अंग ॲक्टिन; ते आणखी बारीक, सुमारे ७ नॅनोमीटरचे. हे प्रथिन हंगेरीतल्या सेगेड येथे ब्रुनो स्ट्राउब यांनी युद्ध चालू असताना, १९४२ साली, सशाच्या स्नायूंतून काढले होते. पण स्नायूंतले प्रथिन साध्या पेशींत काय करते, हे गूढच होते.

इथपर्यंत आल्यावर नवीनच पेच पडला. ध्रुवित प्रकाश पेशीला इजा करत नाही, पण त्यात दिसतात त्या जुड्या. सुटा धागा दिसत नाही आणि तो कोणत्या प्रथिनाचा हेही कळत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक एकेक नळी दाखवतो, पण तिथे पेशी मेलेलीच लागते. जिवंतही हवे, सुटेही हवे आणि नावानिशी हवे. ही तिहेरी मागणी पुरवली प्रतिदीप्तीने.

प्रतिदीप्ती म्हणजे काही पदार्थांची एक रंगाचा प्रकाश गिळून दुसऱ्या रंगाचा परत टाकण्याची खोड. बँकेतला रोखपाल नोट जांभळ्या दिव्याखाली धरतो आणि नोटेतला धागा एकदम चमकू लागतो, तोच हा प्रकार. १८५२ साली जॉर्ज स्टोक्स यांनी क्विनीनच्या द्रावणावर वगैरे प्रयोग करून तो समजावून सांगितला आणि नावही दिले. या युक्तीचा मोठा फायदा असा की, जी वस्तू सूक्ष्मदर्शकाच्या कुवतीपेक्षा बारीक आहे तीही स्वतः प्रकाशली तर दिसते. अमावास्येच्या रात्री दूरच्या डोंगरावर कोणी पणती लावली तर मातीची पणती काही आपल्याला दिसत नाही, पण तिची जागा अचूक कळते. अगदी तसेच.

पहिली पणती लावली हार्वर्डच्या आल्बर्ट कून्स यांनी. रोगजंतूंना नेमके ओळखून चिकटणाऱ्या प्रतिपिंडांना चमकता रंग जोडण्याची रीत त्यांनी १९४१ साली बसवली. तीच रीत वापरून १९७४ साली कोल्ड स्प्रिंग हार्बरमध्ये इलायस लाझारिडीस आणि क्लाउस वेबर यांनी ॲक्टिनला ओळखणारी प्रतिपिंडे त्वचेतल्या साध्या पेशींवर सोडली. काळ्या पार्श्वभूमीवर पेशीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेल्या प्रकाशाच्या तारा उमटल्या. दुसऱ्याच वर्षी सूक्ष्मनलिकांची तशीच छायाचित्रे आली. ज्यांनी आयुष्यभर पेशीचा अर्थ जेलीची पिशवी असा घेतला होता, त्यांच्यापुढे माग लावलेले सूत उभे राहिले. मात्र प्रतिपिंड आत शिरावे म्हणून पेशी आधी मारावीच लागत होती. म्हणजे हार्डी यांचा प्रश्न पुन्हा दाराशी.

यातून वाट काढली लान्सिंग टेलर आणि मूळचे तैवानचे युली वांग यांनी, १९७८ साली. त्यांची कल्पना ऐकायला सोपी आहे. बाहेरून ओळखणारा पाठवायचाच कशाला? सशाच्या स्नायूतले ॲक्टिन काढा, त्यालाच चमकता रंग डकवा आणि काचेच्या अतिसूक्ष्म सुईने जिवंत पेशीत टोचा. पेशी परके-आपले न करता ते आपल्या साठ्यात मिसळून घेईल आणि त्याचेच धागे विणील. त्यांनी हा प्रयोग फायसॅरम नावाच्या, ओल्या लाकडावर सरपटणाऱ्या पिवळ्या गोळ्यावर केला, आणि पेशीने खरोखरच ते ॲक्टिन आपलेसे केले. करायला मात्र हे महाकठीण. सुईचे टोक केसाच्या शंभराव्या हिश्श्याएवढे; हात जरा हलला की पेशी फुटलीच. दिवसभरात मोजक्या पेशी टोचायच्या, त्यांतल्या किती जगतात ते पाहायचे, असे ते दिवस होते. प्रकाश मंद म्हणून रात्रीच्या अंधारात पाहण्यासाठी बनवलेल्या जातीचे अतिसंवेदनशील कॅमेरे वापरावे लागत.

वांग यांनी १९८५ साली केलेला प्रयोग मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत सुंदर वाटतो. सरकणाऱ्या पेशीची पुढची कड पातळ पदरासारखी असते. त्या पदरातले ॲक्टिन चमकते केलेले होते. वांग यांनी लेझरचा बारीक झोत टाकून पदरावरचा एक ठिपका निष्प्रभ केला. रंगीत कापडावर ब्लीचचा थेंब पडावा तसा. मग ते नुसते बघत बसले. ठिपका हळूहळू मागे सरकू लागला, मिनिटाला एक मायक्रॉनहूनही कमी वेगाने. कड मात्र जागच्या जागी. याचा अर्थ काय? कडेपाशी नवे ॲक्टिन भरतीला लागते, मागे मागे ढकलले जाते आणि आतल्या बाजूला सुटून जाते. देवळापुढची रांग तीच दिसते. रांगेतली माणसे मात्र केव्हाच बदललेली असतात. मेलेल्या पेशींची हजार छायाचित्रे काढली असती तरी ही गोष्ट कळली नसती.

सूक्ष्मनलिकांच्या बाबतीत याहून विचित्र प्रकार निघाला. १९८४ साली टिम मिचिसन आणि मार्क किर्शनर यांनी परीक्षानळीतल्या प्रयोगांवरून असा दावा केला की, एकाच द्रवात, एकाच वेळी, काही नलिका वाढत असतात आणि त्यांच्या शेजारच्याच काही भराभर कोसळत असतात. वाढणारी अचानक कोसळू लागते, कोसळणारी मध्येच सावरून पुन्हा वाढते. रसायनशास्त्राच्या वर्गात शिकवलेला समतोल असा नसतो, म्हणून पुष्कळांचा विश्वास बसेना. १९८६ साली होरिओ आणि होतानी या दोघा जपानी संशोधकांनी परीक्षानळीतल्या एकेका नलिकेला हे करताना प्रत्यक्ष पाहिले. तरी जिवंत पेशीत काय? तिथे १९८८ साली उत्तर मिळाले. पॉल सॅमॅक आणि बोरिसी यांनी, तसेच स्वतंत्रपणे शुल्झ आणि किर्शनर यांनी, चमकते ट्युब्युलिन पेशींत टोचून एकेका नलिकेची हालचाल टिपली. प्रत्येक नलिका आंधळ्या माणसाच्या काठीसारखी पुढे चाचपडते, काही लागले नाही तर आक्रसते आणि पुन्हा दुसरीकडे शोध घेते. विभाजनाच्या वेळी गुणसूत्रे सापडतात ती याच चाचपडण्याने. हे बोरिसी म्हणजे वीस वर्षांपूर्वी कोल्चिसीन कशाला चिकटते ते शोधणारेच. एका माणसाच्या उमेदीत नाव नसलेल्या प्रथिनापासून त्याच्या हालचालीपर्यंतची मजल झाली.

त्याच १९८८ सालात एक अप्रिय शोधही लागला. रंग डकवलेल्या नलिकांवर झगझगीत प्रकाश टाकला की त्या तुटतात, असे व्हायजर्स, कुए आणि मॅकिन्टॉश यांनी दाखवले. रंगाचा रेणू प्रकाश गिळतो तेव्हा आसपासच्या प्राणवायूला चिथावतो आणि तो चिथावलेला प्राणवायू शेजारच्या प्रथिनांना जाळतो. ज्या दिव्याने दिसते तोच दिवा घर पेटवतो. यावर प्राणवायू काढून टाकणे, दिवा क्षणभरच लावणे, कॅमेरा अधिक संवेदनशील करणे, असे नाना उपाय झाले. पण मला त्यांतला सर्वांत शहाणपणाचा वाटतो तो १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात क्लेअर वॉटरमन-स्टोरर आणि टेड सॅमन यांनी रूढ केलेला. त्यांच्या लक्षात आले की रंगवलेले प्रथिन अगदी थोडे, चिमूटभर घातले, तर धागा सलग उजळत नाही, ठिपक्या-ठिपक्यांचा दिसतो. वरकरणी हे चित्र बिघडल्यासारखेच. परंतु सलग दोरी सरकते आहे की थांबली आहे हे कळत नाही. गाठी मारलेल्या दोरीचे कळते. कमी रंगाने अधिक दिसले.

तरीही सुईचा जाच होताच. तो संपला तो एका समुद्रजीवामुळे, आणि ही कथा पुन्हा जपानातून सुरू होते. १९४५च्या ऑगस्टमध्ये ओसामु शिमोमुरा सोळा वर्षांचे होते आणि नागासाकीपासून सुमारे १५ किलोमीटरवरच्या एका कारखान्यात कामाला होते. बॉम्ब पडला तेव्हा खिडकीतून आलेल्या झगझगाटाने ते अर्धा मिनिट आंधळे झाले. घरी जाताना काळा पाऊस लागला. आजीने दारातच त्यांना न्हाऊ घातले, आणि बहुधा त्यामुळेच आपण वाचलो, असे ते पुढे सांगत. १९६० साली ते प्रिन्स्टनला आले. पुढच्या उन्हाळ्यात फ्रँक जॉन्सन यांच्याबरोबर पॅसिफिक किनाऱ्यावरच्या फ्रायडे हार्बरला गेले आणि तिथे एक्वोरिया जातीच्या सुमारे दहा हजार जेलीफिश गोळा केल्या. प्रकाश देणारा पदार्थ काही केल्या निघेना. एक दिवस कंटाळून त्यांनी अर्क मोरीत ओतून दिला आणि मोरी निळ्या प्रकाशाने झगमगली. मोरीत समुद्राचे पाणी होते. त्यातल्या कॅल्शियमची ही करणी. तो निळा पदार्थ १९६२ साली प्रसिद्ध झाला. त्याच निबंधात, आणखी एक हिरवे चमकणारे प्रथिनही सापडते, अशी जाता जाता नोंद होती. त्या नोंदीकडे पंचवीसेक वर्षे फारसे कोणी ढुंकून पाहिले नाही.

वुड्स होलच्या समुद्रशास्त्र संस्थेतल्या डग्लस प्रॅशर यांनी पाहिले. हे हिरवे प्रथिन एकट्यानेच चमकते. तेव्हा त्याचे जनुक हाती आले, तर ते कोणत्याही प्राण्याच्या जनुकाला शेपटासारखे जोडता येईल आणि पेशी स्वतःच रंगवलेले प्रथिन तयार करील. मग ना सुई, ना ससा. कर्करोग संस्थेच्या छोट्या अनुदानावर त्यांनी ते जनुक मिळवले. १९९२ साली निबंध आला. पुढचे अनुदान नाकारले गेले. प्रॅशर यांनी त्या प्रथिनावरचे काम सोडले, पण सोडण्यापूर्वी ते जनुक मागणाऱ्या दोघांना पाठवून दिले : न्यूयॉर्कचे मार्टिन चाल्फी आणि कॅलिफोर्नियाचे रॉजर चेन. २००८ साली या हिरव्या प्रथिनाला नोबेल पारितोषिक मिळाले ते शिमोमुरा, चाल्फी आणि चेन यांना. तेव्हा प्रॅशर अलाबामा राज्यात मोटारविक्रेत्याच्या दुकानात गिऱ्हाइकांची ने-आण करणारी गाडी चालवत होते. चाल्फी आणि चेन यांनी त्यांना सपत्नीक स्टॉकहोमला नेले, भाषणांत त्यांचे ऋण मानले. चेन यांनी पुढे आपल्या प्रयोगशाळेत कामही दिले. पारितोषिक तिघांपुरतेच असते हा नियम खरा. तरी ज्याने किल्ली घडवली आणि आपण होऊन दुसऱ्यांच्या हातात ठेवली, त्याची कथा वाचताना मन खट्टू होतेच.

चाल्फी यांनी ते जनुक कुठे जोडले, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे. त्यांचा प्राणी म्हणजे मिलिमीटरभर लांबीचा पारदर्शक जंत. त्याच्या ३०२ चेतापेशींपैकी सहा पेशी स्पर्श ओळखतात, आणि त्या सहांमध्ये विशेष जाड सूक्ष्मनलिका असतात. त्या नलिकांच्या ट्युब्युलिनचे जे जनुक, त्याच्याच चालू-बंद करणाऱ्या भागाला चाल्फी यांनी हिरवे प्रथिन जोडले. १९९४च्या फेब्रुवारीत जिवंत जंतातल्या हिरव्या चेतापेशींचे चित्र प्रसिद्ध झाले. म्हणजे हा हिरवा दिवा पहिल्यांदा पेटला तोच सांगाड्याच्या वाटेवर. त्यानंतर पुराला वेळ लागला नाही. १९९६च्या सुमारास यीस्टमध्ये हिरवे ॲक्टिन, १९९७ साली हिरवे ट्युब्युलिन. नंतर नलिकेच्या फक्त वाढत्या टोकाला बसणारी प्रथिने. ही शेवटची चित्रफीत ज्याने पाहिली तो विसरणार नाही : काळोख्या पेशीत शेकडो बारीक धूमकेतू मध्यापासून कडेकडे धावत असतात.

२००८ साली आणखी सोय झाली. यीस्टच्या एका प्रथिनातला अवघ्या १७ अमिनो आम्लांचा तुकडा ॲक्टिनच्या धाग्याला अलगद चिकटतो, असे जर्मनीत आढळले. त्याला हिरवे शेपूट लावले की काम झाले. त्याचे नाव लाइफॲक्ट. जगभरच्या प्रयोगशाळांनी तो उचलला, आणि मग हळूहळू तक्रारी येऊ लागल्या. तुकड्याचे प्रमाण वाढले की ॲक्टिनच्या जुळण्या-सुटण्याचा वेग बदलतो, पेशींचे आकारही बदलतात. २०१६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी मोजमापे करून हे मांडले. हार्डी यांनी विचारलेला प्रश्न सव्वाशे वर्षांनी वेष पालटून परत आला. तेव्हा शंका मारणाऱ्या रसायनावर होती. आता दिव्यावर आणि दिवा धरणाऱ्या हातावर आहे. म्हणून चांगल्या प्रयोगशाळेत एकच गोष्ट दोन-तीन निरनिराळ्या खुणांनी पाहतात, आणि शेजारी काहीही खूण न केलेली पेशी ठेवून तिचे विभाजन त्याच वेळात होते का, हे घड्याळ लावून तपासतात.

एक जागा अशी आहे की तिथे कसलीही खूण करण्याची मुभाच नाही. ती म्हणजे मूल होण्यासाठी प्रयोगशाळेत फलित करायचे मानवी अंडे. त्यात ना रंग टोचता येतो, ना जेलीफिशचे जनुक घालता येते, आणि शुक्रजंतू सुईने आत सोडताना ती सुई तर्कूला लागली तर गुणसूत्रांची वाटणी बिघडण्याचे भय. १९९०च्या दशकात वुड्स होलच्याच प्रयोगशाळेत रुडॉल्फ ओल्डेनबर्ग यांनी इनोऊए यांच्या ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला द्रव-स्फटिकांची आणि संगणकाची जोड दिली, आणि शतक संपता संपता वंध्यत्वावर उपचार करणारे डॉक्टर त्यातून अंड्याचा तर्कू पाहू लागले. न मारता, न रंगवता. अंडे ठेवायच्या काचेखाली ३७ अंश सेल्सियसवर तापवलेली पट्टी असते. खोलीच्या नुसत्या गारव्यानेही तो तर्कू विरघळू लागतो.